धोंडुबाईच्या तलंगा अंड्यावर येईनात

विट्याजवळ, कोंबड्यांचं शेड
१९ जानेवारी २०२५

ती. अंबूआत्तीस,
बिरदेवचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं दिवाळीपासून टाळत आलो, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पहिल्याच ओळीला शिव्या देऊन तू मोकळी होशील आणि पुढचं निवांत वाचशील. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि फोन आहे तुझ्या जावेच्या, धोंडुबाईच्या घरात. तुला काही सांगायचं तर आधी तिच्या कानात ओतायचं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

दिवाळीत मी शिरवळला होतो, कारखान्यात. खोक्यांना चिकटपट्टी लावायचं काम. दिवसभर एका जागी उभं राहायचं. मेंढरामागं चालणाऱ्यांचं पोर मी, खांबासारखा किती उभा राहणार? सोडलं. मग खंडाळ्याला एका ढाब्यावर लागलो. तिथं मालकाचा पोपट गिऱ्हाइकाला शिव्या द्यायला लागला, त्या मीच शिकवल्या म्हणून मला काढलं. मी शिकवल्या दोनच. बाकीच्या त्याला येत होत्या. मग उसाच्या ट्रकवर बसून इकडं सांगली जिल्ह्यात आलो आणि आता या शेडवर आहे. माझ्याकडं तलंगांचं काम आहे, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरसवदा कोंबड्यांचं. दाणा टाकायचा, पाणी बघायचं, तुरे लाल होतात का ते बघायचं. बघता बघता माझाच चेहरा लाल झालाय असं इथले लोक म्हणतात. पण तो उन्हानं नाही आत्ती, रागानं.

कारण परवा आपल्या गल्लीतला गुंडा भेटला. तो आता मोटरसायकलवर पिल्लं विकत फिरतो. त्यानं धोंडुबाईच्या नातवाच्या बारशाचं सांगितलं. तू मला कळवलं नाहीस. गुंडा म्हणाला ते असं, खरं का खोटं तू सांग. श्रावणात तू तुझी खुडूक कोंबडी धोंडुबाईला वाट्यानं दिलीस. उबवण तिच्या घरी, दाणा तिचा, कोंबडी तुझी. आपल्यातल्या रीतीनं तलंगांनी पहिलं अंडं घातलं की निम्म्या तुझ्या, निम्म्या तिच्या. पाच जगल्या. बारशात पाळण्याची दोरी तुझ्या हातात होती आणि तू साधं विचारलंस, तुरे लाल झालेत, अंड्यावर आल्या का गं म्हणून. तर ती बाई भरल्या घरात म्हणाली की तुझ्या कोंबडीची जात ती, धनिणीच्याच वळणावर गेली, तुरा लाल आणि पोट रिकामं.

पोट रिकामं म्हणे. माझी आई गेली, बाप कोंडीबा मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागला, तेव्हा गुडघ्याएवढं पोरगं कुणाच्या ओट्यात टाकलं होतं? मला देवी आल्यासारखा ताप चढायचा तेव्हा रात्र रात्र कोण बसलं होतं, धोंडुबाई?

मी बदला घेणार. तीन विचार आहेत. एक, तिच्या खुराड्यात मुंगूस सोडायचं. दोन, तिच्या पत्र्यावर रोज दगड टाकायचे म्हणजे कोंबड्या दचकून अंडी धरणार नाहीत. तीन, इथं हॅचरीतली नर पिल्लं कुणी घेत नाही, ती गुंडाकडून तिला माद्या म्हणून विकायची. पोसू दे वर्षभर. तुला कुठला आवडतो ते कळव.

रागावलीस तर रागाव, पण माया पातळ करू नको.
तुझा,
बिरदेव


म्हसवड, मळ्यातली वस्ती
२७ जानेवारी

चि. बिरदेव यास,
अंबूआत्तीचे अ. उ. आ.

तुजं पत्र आलं. पोस्टमननं दारातनं हाळी दिली, मला कुठली ऐकू येतीया, शेवटी त्येनं पत्र कोंबड्यास्नी घातल्यागत अंगणात भिरकावलं. पोपटाचं वाचून हासले. त्या मालकाला सांग, ह्या पोरानं तिसरीत मास्तरांचं नाव बैलाला ठिवलं हुतं. पोपटाचं काय घिऊन बसलास.

मुंगूस सोडू नगो. कोंबड्यांचा काय गुन्हा? त्यातल्या निम्म्या माझ्याच हायत, येड्या, मुंगूस काय वाटणी बघून खातंय व्हय. आन् नर पिल्लं दोन म्हैन्यांत वळखू येत्यात. तुरा, शेपूट बगून शेंबडं पोरबी सांगंल. वर्षभर पोसायला धोंडी काय आंधळी हाय? तू शेडवर नक्की काम करतोस का नुसता पगार खातोस?

गुंडानं सांगटलं त्ये खरं हाय. पर त्येनं एक सांगटलं न्हाई, बाप्या मानसास्नी त्ये दिसत न्हाई. त्ये बोलल्यावर धोंडीनं पाळन्याची दोरी माझ्या हातातनं काढून घेतली. वडून न्हाई. माझं एक एक बोट सोडवलं, हासत हासत, आन् दोरी शेजारच्या रंगूबाईच्या हातात दिली. मी उठले, चपला घातल्या, घरी आले. तवापासनं कुनाच्या कार्याला गेले न्हाई. हळदीकुंकवाला बोलावनं आलं, न्हाई गेले. वाटतंय, आत गेले की समद्या बाया माझ्या पोटाकडं बगतील.

मला वाटणी नगो बाबा. पाचीच्या पाची तिनं ठेवाव्यात. तिनं माझ्या उंबऱ्यापातुर चालत यावं, एवढंच. गरज पडून यावं. आल्यावर मी बसा म्हनंन का न्हाई, त्ये मीच ठरवंन.

तर तू दगडबिगड काय मारू नगो. मी इचारते तेवढं सांग. तुमच्यात हजारांनी तलंगा हायत, तू रोज बगतोस. आमच्यात म्हातारी मानसं म्हनायची की तलंग पैलं अंडं जितं घालती तिथंच जल्मभर जाती. खरं का? धोंडीनं नवीन पत्र्याचं खुराडं केलंय. पोरगा विश्वजित मिल्ट्रीत हाय, त्येनं पैसं धाडलं. त्यात रातभर बल्ब जळतोय. माझ्या कडब्याच्या गंजीमागं, तिच्या परड्याला लागून, अंधारी बोळकंडी हाय, तुला ठावं हाय, तू शाळा चुकवून तिथंच दडायचास. नुसतं इचारते.

जेवत जा. अंगावर पांघरूण घिऊन निजत जा. आशीर्वाद मागायची गरज न्हाई, त्यो तुज्या खिशातच हाय.
तुजी,
अंबूआत्ती


विट्याजवळ
५ फेब्रुवारी

ती. अंबूआत्तीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दाण्याचं पोतं उलटं ओतलं. एक एक बोट सोडवलं, हे वाचलं आणि पुढच्या ओळी दिसेनात. मुकादमानं विचारलं काय झालं, मी म्हणालो डोळ्यात भुसा गेला. तो म्हणाला दोन्ही डोळ्यांत कसा गेला. इथं लोक नको तिथं हिशेबी आहेत.

तू विचारलंस ते सांगतो, पण कशाला विचारतेस ते कळलं नाही. स्वतःसाठी नव्या कोंबड्या घेणार असशील तर मला सांग, मी आणतो. तर ऐक. तलंग अंड्यावर यायच्या आधी दोन दिवस वेड्यागत फिरते. कोपरे धुंडाळते, पायानं उकरते, इथं बसते, उठते, तिथं बसते. दाणा टाकला तरी लक्ष नाही. आमच्यातल्या एकीला मी बिरदेवी नाव ठेवलंय, तिचं कशातच भागत नाही. पाठीवर हात टेकला की खाली दबून बसली तर समजायचं, आली वेळ. तिला अंधार लागतो, आडोसा लागतो, गडबड नको असते. पत्र्याच्या खुराड्यात दुपारी भाजून निघतं आणि रात्री उजेड, तिथं कोण बसेल? उजेडानं त्या अंड्यावर येतात लवकर, हे खरं, आम्हीबी लावतो, पण घालायला जागा त्या काळोखातलीच शोधतात. आणि एकदा पहिलं घातलं की तिथंच जातात. पक्की सवय. आमच्यातल्या दहा-बारा जाळीखालून निसटून मोटारीच्या खोलीत घालायला लागल्या तर आम्ही जाळी बदलली, दार लावलं, त्या दारावर चोची मारत बसल्या.

आणखी एक. जिथं आधीच अंडं दिसतं तिथं तलंगेला धीर येतो. म्हणून आम्ही पांढरा गुळगुळीत गोटा ठेवतो. नदीतला गोटा चुन्यात बुडवला तरी चालतो. माणगंगेत ढिगानं पडलेत.

माणगंगेवरून आठवलं, इथं येताना त्या उसाच्या ट्रकवाल्यानं मला विचारलं की तुमच्या म्हसवडच्या नदीला पाणी असतंय का. मी म्हणालो, सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी आम्ही पात्रातनं चालतो, तेव्हा पायाला धूळ लागते. तो हसला. मग त्याच्या सासऱ्यानं त्याला कसं फसवलं ते कऱ्हाडपर्यंत सांगत होता, तेही लिहिलं असतं पण कागद संपेल.

आत्ती, तू मऊ आहेस. तू गप्प बसशील, मी नाही. नर पिल्लांची गोष्ट मी सोडलेली नाही. गुंडाला पाठवतोय. दोन महिने तर दोन महिने, तेवढा दाणा तरी तिचा वाया जाऊ दे. तू मला अडवू नको.

आहे तसा जीव लावत जा.
तुझा,
बिरदेव


म्हसवड
२२ फेब्रुवारी

चि. बिरदेव यास,
अ. उ. आ.

पैल्यांदा तुज्या शानपनाची बातमी. गुंडा आला, टोपलीभर पिल्लं घिऊन धोंडीच्या दारात गेला. समद्या माद्या म्हनून सांगटलं. धोंडी म्हनाली, घेते की, सिद्धनाथाची आन घे आदी. गुंडा टोपली उचलून मागं सरकला. तिनं भांडी धुतलेलं पानी त्येच्या अंगावर वतलं, आन् त्यो जाऊन माझ्या दारात उभा ऱ्हायला, मिशीला भाताची शितं लागल्याली. पर माझ्या दाराकडं यायच्या आदी तिनं त्येला परत हाक मारली, आन् हळूच इचारलं की कोंबड्या अंड्यावर येत न्हाईत, औशिद काय हाय का. भ्यालेलं ते, बोलून गेलं की मला काय ठावं, बिरदेवला इचारा, त्यो विट्याकडं हजारांनी तलंगा बगतोय. ह्ये त्यो माझ्या दारात सांगत हुता, तेवढं मला त्येच्या ओठावरनं कळलं.

आता माझं ऐक, आन् ह्ये पत्र वाचून चुलीत घाल.

तुजं पत्र आलं त्याच दिसी मी बोळकंडीत जुनी बांबूची पाटी ठिवली. खाली राख, वर पालापाचोळा. नदीतला गोटा चुन्यात बुडवून मदी ठिवला. कुंपणाची एक फांदी वडून बाजूला केली, कोंबडीपुरती. मग मी कायबी केलं न्हाई. माघी पुनवेच्या दुसऱ्या दिसी पैली आली. तांबडी, आईवर गेल्याली. फिरली, उकरलं, बसली. मी कडब्याआड, हात जोडून उभी, जनू देवळात. उठली तवा गोट्याच्या बाजूला बारकं अंडं, लिंबाएवढं, एका अंगाला रगताची रेघ. मी त्ये हातात धरलं. गरम हुतं. लय येळ धरलं बिरदेव.

आता पाची येत्यात. अंडं घालून परत तिच्या परड्यात जात्यात आन् तिथं उभ्या ऱ्हाऊन कॉक कॉक करत्यात. धोंडी पळत येती, खुराड्यात हात घालती, काय न्हाई. परड्यात वाकून वाकून तिची कंबर धरली. बाजरी घातली, चुना घातला, बल्ब मोठा केला. कोंबड्यांचं तुरं जास्वंदीगत लाल. परवा पान्याच्या नळावर रंगूबाई समद्या बायांदेखत तिला म्हनाली की तुरा लाल आन् पोट रिकामं, कुनाच्या वळनावर गेल्यात गं ह्या. समद्या हासल्या. मला ऐकू येत न्हाई म्हंत्यात, पर ह्ये मला घरात भाकरी थापताना ऐकू आलं.

अंडी मी खाल्ली न्हाईत, कुनाला दिली न्हाईत. माझी काळी कोंबडी खुडूक बसलीया, तिच्याखाली सरकवली. शिमग्याला पिल्लं निगतील. शिमग्यादिवशी अख्खं गाव बोंबलत आसतंय, तवा ती पिल्लं टोपलीत घिऊन धोंडीच्या अंगणात सोडायची आन् म्हनायचं, घे, तुज्या वांझ कोंबड्यांची लेकरं. ह्ये मी ठरवलं हुतं. रोज रातच्याला त्येच घोळवत निजायची, गोड झोप लागायची.

पर आता इस्कोट झाला. धोंडीला वाटतंय की तिची सून सोनिया चोरून अंडी खातीया. तिची पेटी उपसली. त्वांडाचा वास घेतला म्हनं. बाळंतीण पोर ती, तान्हा राजवर्धन अंगावर पितोय. मी ठरवलं, रविवारी पाटी घिऊन जायाचं आन् सांगायचं. तर काल सोनियाच बोळकंडीत आली, पोराला काखंत घिऊन, कोंबडीच्या मागावर. तिनं पाटी बगितली, मला बगितलं. मी म्हनलं, बाई, रविवारी मी समदं सांगते. तर तिनं पाला सारका केला, आन् मला कळावं म्हनून तोंड माझ्यासमोर धरून सावकाश बोलली की आवं आत्ती, शिमग्यापातुर थांबा की, दोरी काढून घेतली तवा पाळन्यापाशी मीच हुते.

आन् राजवर्धनला माझ्या मांडीवर ठिवून कुंपणातली कोंबडीची वाट नीट करायला गेली.

तरीबी मला रविवार का शिमगा, ठरंना. तुजं उत्तर येस्तवर ह्यो रविवार जाऊ देते, म्होरला हायच. तिला बोल खावं लागत्यात आन् मी गोड झोपते, ह्ये बरं न्हवं. तू काय म्हंतोस? पर तुज्या डोक्यानं न्हाई, माझ्या डोक्यानं इचार करून सांग.

हाय तेवढी माया बांधून धाडलीया, सांडू नगो.
तुजी,
अंबूआत्ती


विट्याजवळ
३ मार्च

ती. अंबूआत्तीस,
शि. सा. नमस्कार. आज नुसता सा. न. पुरणार नाही, लोटांगणच घालतो.

पत्र चुलीत घाल म्हणालीस, घालणार नाही. मी ते सकाळी वाचलं, दुपारी वाचलं, मुकादमाला अर्धं वाचून दाखवलं. नाव न सांगता. तो म्हणाला ही बाई कुणाची कोण, हिला शेडवर आणा.

मी मुंगूस शोधत बसलो आणि तू गोटा ठेवलास. मी उगाच तुला मऊ म्हणालो. आत्ती, रविवारचं डोक्यातनं काढ. तुझ्या डोक्यानं विचार कर म्हणालीस, केला. सोनियाच थांबा म्हणते तर तू कोण घाई करणारी? फार तर तिला तुझ्याकडं दुपारी बोलावून काहीतरी खाऊ घालत जा, म्हणजे बोल पचतील. पण टोपली शिमग्यालाच न्यायची. मी येतो. हलगी घेऊन येतो. तिच्या अंगणात पिल्लं सोडली की मी असा बोंबलणार आहे की माळशिरसपर्यंत जाईल. तिनं तुझी पाच बोटं सोडवली ना, मग पाचही तलंगांची नावं घेऊन बोंबलणार. मी रोज तलंगांना दाणा टाकताना तेच घोळवतो. परवा अशाच तंद्रीत पाण्याचा कॉक उघडा राहिला, अर्धं शेड चिखल. तो चिखल उपसताना मला आठवलं, लहानपणी मी आणि विश्वजित टाकीखाली चिखलाची मेंढरं करायचो. त्याची आई येऊन त्याला घेऊन जायची आणि मला म्हणायची, तू घरी जा तुझ्या. घर कुणाचं ते कधी म्हणायची नाही. कोंडीबाचं पोरगं म्हणायची, नाहीतर नुसतं ते पोरगं. वीस वर्षं मी तिच्या भिंतीला लागून राहिलो, तिनं मला तुझं पोरगं कधी म्हटलं नाही. शब्द चुकून जरी निघाला तरी गिळायची.

म्हणून सांगतो, वाटणी सोड, तलंगा सोड, पण सोडू नको तिला. उंबऱ्यापर्यंत यावं म्हणालीस, मला ते थोडं वाटतं. तिनं सगळ्यांसमोर

आत्ती, वाक्य अर्धं राहिलं, कारण वॉचमन आला. काय झालं ते घाईत लिहितो.

गेटवर एक बाई आलीय. एसटीनं विट्याला उतरली आणि तिथनं चालत. डोक्यावर डालगं, डालग्यात पाय बांधलेल्या दोन तलंगा, एक तांबडी. आमच्यात बाहेरची कोंबडी आत घेत नाहीत, रोग येतो म्हणून, त्यामुळं त्यानं अडवलं. ती रस्त्याकडच्या लिंबाखाली बसलीय. कोंबड्या अंड्यावर का येत नाहीत ते दाखवायला आणलंय म्हणते, हितल्या एका पोराला कळतंय म्हणे. खिडकीतनं बघितलं. धोंडुबाई आहे. पदरानं कोंबड्यांना वारा घालतेय.

वॉचमननं विचारलं कुठलं पोरगं, इथं चाळीस जण आहेत. तर ती म्हणाली अंबूबाईचा ल्योक. त्याला कळलं नाही, तो म्हणाला आडनाव सांगा, बापाचं नाव सांगा. तर ती चिडली, उठून उभी राहिली आणि ओरडून म्हणाली की आवं अंबूबाईचा, म्हसवडच्या अंबूबाईचा ल्योक, तिला एकच हाय. दाणा भरणारी माणसं बाहेर आली ऐकून.

मुकादम मला हाक मारतोय. तुझ्या कडब्यामागचं मी तिला काही सांगणार नाही, ते तू ठरव. मी हात धुतले, शर्टाची बटणं लावली. जातो गेटवर. आधी तिला विचारणार आहे, बाई, कोण पाहिजे म्हणालात, नीट ऐकू आलं नाही.

बिरदेव